न मागायचा नेम

चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण सोडतं. कोकिळाबाईनं यंदा मागणंच सोडून दिलं होतं.

आषाढी एकादशीला तिनं देवापुढे हात जोडून सांगून टाकलं, की कार्तिकीपर्यंत स्वतःसाठी कुणाकडे काही मागणार नाही. पाणी नाही, मीठ नाही, जरा पंखा लावा असंसुद्धा नाही. कुणी आपणहून दिलं तर घ्यायचं, नाही दिलं तर गप बसायचं. तिच्या सासूनं एकदा हा नेम धरला होता, थोरल्या नणंदेच्या बाळंतपणासाठी, आणि नणंद सुखरूप सुटली होती. आता पाळी कोकिळाबाईच्या लेकीची, नूतनची होती. जळगावला पिंप्राळ्यात सासर, लग्नाला सहा वर्षं झालेली, दोनदा तिसऱ्याच महिन्यात गेलेलं, आणि आता तिसऱ्यांदा दिवस राहिलेले. कोकिळाबाई म्हणाली, या खेपेला साधासुधा नेम नको, सगळ्यात अवघड धरायचा.

तुम्ही म्हणाल, यात काय अवघड? एक दिवस करून बघा म्हणजे कळेल. माणूस सकाळी उठल्यापासून मागतच असतो, फक्त ते त्याच्या लक्षात येत नाही. कोकिळाबाईच्या लक्षात पहिल्याच आठवड्यात आलं. तिचा मुलगा नवल हैदराबादला कंपनीत होता आणि गेली तीन वर्षं ती त्याच्याकडेच राहत होती. धुळ्याजवळच्या गावातल्या घराला कुलूप, आणि हिच्या ताब्यात नवलची दोन पोरं. तर तिला असं दिसलं की माणूस फक्त तोंडानं मागत नाही. भांडं जरा जोरात ठेवलं की सून दचकून बघते, म्हणजे ते मागणंच झालं. खोकलं तरी मागणं, सुस्कारा टाकला तरी मागणं. मग तिनं खोकणंही आवरलं. आहे काय नि नाही काय! एकदा धरलं म्हणजे धरलं, बाई मोठी हट्टी.

सून दीपमाला मात्र हुशार. तिला नेम माहीत होता, म्हणून ती ताटात सगळं आधीच वाढून ठेवायची. आणि दिवाळी झाल्यावर एक दिवस तीच म्हणाली, "आत्या, नूतनताईंचे दिवस भरत आले. तुम्हाला जायचं असेल ना?" कोकिळाबाईनं नुसतं तिच्याकडे बघितलं. हो म्हणावं तर मागितल्यासारखं होतं. दीपमालानं काय ओळखायचं ते ओळखलं, नवलला सांगितलं, आणि नवल कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे, हो की! माझ्या डोक्यातच नाही आलं." दुसऱ्या दिवशी विमानाचं तिकीट हातात पडलं. न मागता पडलं, म्हणजे नेम शाबूत राहिला.

आणि आज कार्तिकीला फक्त चार दिवस उरले होते.

*

विमान बारकं होतं, पंखेवालं. इकडे दोन खुर्च्या, तिकडे दोन, मधून चिंचोळी वाट. सुटायलाच दोन तास उशीर झाला होता. कोकिळाबाई वाटेकडच्या खुर्चीत आणि खिडकीपाशी एक पांढऱ्या टोपीवाले म्हातारबाबा. बसल्या बसल्या त्यांनी चौकशी केली.

"कोणतं गाव तुमनं, ताई?"

आपली बोली ऐकून तिला एकदम बरं वाटलं. "धुळाकडलं. मनी आंडेर पिंप्राळाले शे, तिनाकडे चालनू."

"मी झुलाल. पारोळाकडला. आंडोरकडे गयथू महिनाभर."

झालं, ओळख पटली. ही लेकीकडे निघालेली, ते लेकाकडून परतणारे. झुलालआबांनी मुलाचं घर कितव्या मजल्यावर आहे ते सांगितलं, लिफ्टमध्ये कसा जीव घाबरतो ते सांगितलं, सकाळी मुलानं साखरेची सुई कशी टोचून दिली ते सांगितलं. मग बोट वर करून डोक्यावरच्या बटणांकडे दाखवलं. एकावर दिवा काढलेला होता, एकावर माणूस.

"ते माणूसवालं बटन दाबू नका हां. पोरी धावत येतीस. कशाले तरास बिचारीसले?"

कोकिळाबाईला आत हसू आलं. हिला कुठलं दाबायचंय? तिला तर चार महिन्यांत घरातलं माणूस हाकेवर असून बोलावता आलं नव्हतं. पण त्या बटणानं तिच्या डोक्यात एक किडा मात्र सोडून दिला. इथं लोक मागतात कसं?

विमानात दोन पोरी होत्या, निळ्या कपड्यातल्या, केस चापूनचोपून बांधलेले. त्यातली सावळी, उंच, छातीवर नावाची पट्टी लावलेली पोरगी यांच्या बाजूला ये-जा करत होती. कोकिळाबाई तिच्याकडे बघत बसली. कारण वाढण्यातलं तिला कळत होतं. गावच्या लग्नात बायकांच्या पंगतीला वरण-बट्टी वाढण्यात तिची हयात गेली होती. पाटावर बसलेली बाई तोंडानं "नको, नको" म्हणते आणि पत्रावळीवर हात आडवा धरते, पण बोटं जर फाकलेली असली तर तिला अजून एक बट्टी हवी असते, हे कोकिळाबाईला वाकायच्या आधीच दिसायचं. तर ही पोरगी कशी वाढते, ते बघू म्हटलं.

बघते तर काय, एकेक नमुना! पुढे एक सोनेरी घड्याळवाला बसला होता. त्यानं हात वर करून टिचकी वाजवली, हॉटेलातल्या पोऱ्याला वाजवतात तशी. पोरगी आली, हसली, पण ते हसू नुसतं ओठांचं होतं, हे तीन रांगा मागून दिसलं. एका बाईनं जाता जाता तिच्या कमरेजवळ कपडा ओढला. पोरगी एवढीशी आखडली आणि मग वळून म्हणाली, "जी मॅम?" एकानं "शुक शुक" केलं. एकानं बटण दाबलं, टुंग वाजलं, ती लगबगीनं गेली, तर म्हणे माझी पिशवी जरा अजून आत सरकवा. एका कॉलेजातल्या मुलीनं मात्र ती जवळून जाईपर्यंत वाट बघितली, डोळ्याला डोळा मिळाल्यावर हळू म्हणाली, "एक्स्क्यूज मी, वेळ मिळाला की थोडं पाणी द्याल?" आणि पोरगी खरी हसली. पाणीसुद्धा त्या मुलीचं आधी आलं, घड्याळवाल्याचं नंतर. ते बघून कोकिळाबाईला भारी समाधान वाटलं. इथंही तेच होतं तर! वाढणाऱ्याला माणूस समजलं की वाढणाऱ्याचा हात सैल होतो.

मग ती पोरगी यांच्यापाशी येऊन थांबली. "आजी, आप कुछ लेंगी?"

आता आली का पंचाईत! कोकिळाबाईचा घसा कोरडा पडला होता. दुपारची रक्तदाबाची गोळी पदराच्या गाठीत तशीच होती. पण "काही घेणार का" हे देणं म्हणायचं की विचारणं? सासूचा निकाल या बाबतीत अगदी साफ होता. पाण्याचा पेला पुढे करून कुणी "घे" म्हणालं तर घ्यायचं. "काय पाहिजे?" असं विचारलं तर नाही घ्यायचं, कारण मग ते आपल्या तोंडून निघतं.

"नको," कोकिळाबाई म्हणाली.

"आबा, आप?"

झुलालआबांनी टोपी सारखी केली. तिच्या हातातल्या खाण्याच्या चित्रांच्या कागदाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि मान हलवली. "भूक नही."

पोरगी पुढे गेली. कोकिळाबाईनं म्हाताऱ्याच्या हाताकडे बघितलं. हात मांडीवर होता आणि बोटं फाकलेली होती.

"भूक शे तुम्हाले, आबा," ती म्हणाली.

आबा लाजले. "काय सांगू ताई. सकायपासून काही खायेल नही. एवढा लोकेसमा त्या पोरीले खावाले मांगानं म्हणजे कसंतरीच वाटस."

बघा गंमत. एक नेमानं मागत नव्हती, एक लाजेनं मागत नव्हता, आणि दोघं शेजारीशेजारी उपाशी बसले होते. कोकिळाबाईजवळ नूतनसाठी केलेले डिंकाचे लाडू होते, दीडशे लाडू! पण पिशवी मोठी म्हणून विमानतळावरच काढून घेतली होती आणि ती आता विमानाच्या पोटात होती. पोरगी पुन्हा गेली, पुन्हा थांबली, "आजी, पक्का?" म्हणाली. कोकिळाबाईनं पुन्हा नको म्हटलं. तेव्हा त्या पोरीनं जरा डोळे बारीक करून हिच्याकडे बघितलं होतं.

*

वर गेल्यावर पाऊण तासानं विमान गचके खायला लागलं. पट्ट्या बांधायचा दिवा लागला, काहीतरी सूचना झाली, आणि दोन्ही पोरी आपापल्या जागी जाऊन बसल्या. उंच पोरगी सगळ्यात पुढे, लोकांकडे तोंड करून, पट्टा बांधून.

कोकिळाबाईनं देवाचं नाव घेतलं आणि शेजारी बघितलं. आबांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. वरून गार वारा येत होता आणि माणूस घामाघूम.

"आबा, काय व्हई ऱ्हायनं?"

"बैल सोडी दिन्हा का?" आबा म्हणाले.

"काय?"

"उन्ह चढनं. बैल सोडा म्हनं."

कोकिळाबाईनं ओळखलं. हे तिनं बघितलेलं होतं. नवलच्या वडिलांना अकरा वर्षं साखर होती. सुई टोचायची आणि जेवायला उशीर झाला की हेच व्हायचं, आधी घाम, मग हात थरथर, मग असंबद्ध बोलणं. एकदा तर ते शेताच्या बांधावर पडले होते आणि गुळाचा खडा तोंडात जायला अजून थोडा वेळ गेला असता तर तिथंच संपले असते. डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं, माणूस गिळतोय तोवर गोड द्या, बेशुद्ध पडला की तोंडात काही घालू नका.

तिनं पदराची गाठ चाचपली, बटव्यात बघितलं. गोळी होती, सुपारी होती, अंगारा होता, गोड म्हणून काही नव्हतं.

आता नेमाची गोष्ट. "स्वतःसाठी मागणार नाही" असंच तर म्हटलं होतं देवाला, मग दुसऱ्यासाठी मागितलं तर चालतं, असं तुम्ही म्हणाल. तिच्या मनात तेच आलं. पण लगेच सासू आठवली. सासूनं शेजारणीच्या तान्ह्या पोरासाठी वाटीभर दूधसुद्धा मागितलं नव्हतं, म्हणाली होती, याच्यासाठी-त्याच्यासाठी करत गेलं की नेमाला भोकं पडतात. आणि भोक पडलं तर? चार दिवस राहिलेत. नूतनच्या पोटातलं लेकरू पुऱ्या दिवसांचं झालंय. एकशे पंधरा दिवस खोकलासुद्धा दाबला तो या एका मिनिटात घालवायचा? कुणाच्या कोण म्हाताऱ्यासाठी?

ती घाबरली होती, खोटं कशाला सांगायचं. एक क्षण तिनं समोर बघितलं आणि वाट पाहिली, की त्या पोरीचं आपणहून लक्ष जाईल. पण पोरगी पट्टा बांधून खाली कागदावर काही लिहीत होती. आबांची मान खिडकीकडे कलली.

कोकिळाबाईनं बटण दाबलं. डोक्यावर दिवा लागला. चुकीचं दाबलं! दुसरं दाबलं. टुंग.

पोरीनं वर बघितलं, तळहात पुढे करून थांबा अशी खूण केली आणि वरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं. कोकिळाबाईनं पुन्हा दाबलं. टुंग. पुन्हा. टुंग, टुंग. घड्याळवाल्यानं वळून बघितलं आणि "काय बाई आहे!" असं तोंड केलं. मग मात्र कोकिळाबाईचं डोकं फिरलं. लग्नघरात वांग्याची भाजी संपली की मांडवातून चुलीपर्यंत जो आवाज टाकायचा, तो तिनं त्या बारक्या विमानात टाकला.

"ओ माय! साखर आन! आबा मरी ऱ्हायना, बठ्ठं सोड नि साखर आन!"

विमान चिडीचूप झालं. आणि समोरून त्या निळ्या कपड्यातल्या पोरीनं पट्टा काढता काढता तसाच आवाज टाकला, "आनस, माय! त्याले झोपू देऊ नको!"

म्हणजे पोरगी आपल्याकडचीच निघाली!

खुर्च्यांना धरत धरत पोरगी आली. हातात फळांच्या रसाचा डबा आणि साखरेच्या पुड्या. तिनं आधी आबांचा गाल थोपटला, एक घोट दिला, गिळतात का बघितलं, मग दुसरा घोट दिला. रस दाढीवर सांडला, टोपी पडली. कोकिळाबाईनं त्यांची मान धरली होती. चौथ्या-पाचव्या घोटाला आबांनी स्वतः डबा धरला. दहा मिनिटांनी डोळे नीट उघडले, भोवती बघितलं आणि एवढा घोळका बघून आधी टोपी शोधली. साखर आली ताळ्यावर तरी म्हातारा लाजला तो लाजलाच.

"आबा, सुई टोची अन् जेवनात नही?" पोरीनं दटावलं. मग त्यांना पाव आणि बिस्किटं आणून दिली आणि समोर उभं राहून खायला लावली.

*

विमान शांत झाल्यावर ती कोकिळाबाईजवळ वाटेत उकिडवी बसली. पट्टीवर सपना असं नाव होतं. धुळ्याची, देवपूरची. "आजी, तुम्ही आधीच बेल मारायला हवी होती ना."

"तुम्हाले राग येस म्हने."

"बेलचा नाही येत हो, ती त्यासाठीच असते. टिचकीचा येतो. कपडे ओढले की येतो. चढता-उतरताना चहा मागितला की हसू येतं." मग ती जरा थांबली. "पण खरं सांगू का? धाक असतो तो न मागणाऱ्यांचा. मागणाऱ्याला काय हवंय ते कळतं तरी. तुम्ही दोघांनी नको म्हटलंत, तेव्हाच मला वाटलं होतं, इथं काहीतरी आहे. पण मी तरी किती वेळा विचारणार? मला वाटलं, आजींना राग येईल."

कोकिळाबाईनं पदराची गाठ हातात घेतली. नेम तर मोडलाच होता. मोडलेल्याला आता काय जपायचं? तिनं गाठ सोडून गोळी काढली. "पानी दे माय. गोळी घेवानी शे."

पाणी आलं. एकशे पंधरा दिवसांनी मागून घेतलेलं पाणी. ती ते प्यायली आणि तिला रडू फुटलं. झुलालआबा शेजारून "काय व्हयनं ताई?" म्हणत राहिले. आबा जगले याचा आनंद होता, आणि नूतनचं काही वाईट झालं तर ते आपल्या तोंडानं झालं, अशी भीती त्याच्या शेजारीच बसली होती. खाली जळगावची केळीची शेतं दिसायला लागली तरी ती खिडकीकडे बघेना.

*

पिंप्राळ्यात नूतनचं घर पहिल्या मजल्यावर. जावई विमानतळावरून स्कूटरवर आला, कोकिळाबाई मागून रिक्षानं. नूतन पलंगावर उशांना टेकून बसली होती. पोट एवढं, आणि पाय सुजलेले. कोकिळाबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिलंच विचारलं, "पोटात हलतंय ना?"

"हलतंय की. सकाळीच दाखवून आले, चांगलं आहे म्हणाले. अशी काय बघतेस?"

मग कोकिळाबाईच्यानं राहवलं नाही. जावई चहाचं दूध आणायला खाली उतरला आणि तिनं सगळं सांगून टाकलं. नेम काय होता, कुणासाठी होता, कसा पाळला, आणि आज दुपारी आकाशात कसा मोडला. "चार दिवस राहिले होते गं. माझ्या हातून झालं. तू रागाव, काही म्हण, पण तुझ्यापासून लपवून ठेवायला नको."

तिला वाटलं होतं, नूतन घाबरेल, किंवा हसेल. शिकलेली पोरगी, नेमाधर्मावर तिचा तसा विश्वास बेताचाच. पण नूतन बोटांवर महिने मोजायला लागली.

"म्हणजे जुलैपासून तुझा हा नेम होता?"

"आषाढीपासून."

"म्हणून तू कधी म्हणाली नाहीस?"

"काय?"

"दादाला. की मला नूतनकडे पोचव."

"कसं म्हणणार? ते मागणं झालं असतं."

नूतनचा चेहरा बदलला. लग्नानंतर ती शहरी मराठीच बोलायची, पण आता ती एकदम गावाकडच्या बोलीवर आली. "माय, मी तुनी वाट देखी देखी थकी गऊ!" आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, पोट धरून. "सातव्यात रक्त गेलं माझं. चार दिवस दवाखान्यात होते. रात्रंदिवस दाराकडे बघायची. यांना म्हटलं, आईला कळवू नका, तिला यायचं असतं तर आली असती. तिला दादाचीच पोरं लागतात."

"अगं, मग एक फोन करायचास! ये म्हणायचंस!"

"मी म्हणायचं? पहिलं बाळंतपण माहेरचं. न्यायला माहेरानं यायचं असतं, पोरीनं आपल्या तोंडानं मला न्या म्हणायचं नसतं. कुणी शिकवलं मला हे? तूच ना?"

कोकिळाबाईला आठवलं. हो, तिनंच शिकवलं होतं. तिला तिच्या आईनं शिकवलं होतं.

मग कोकिळाबाईनं पिशवीतून फोन काढला. तिला एक गोष्ट जाणून घ्यायचीच होती, आता या वयात तरी. तिनं नवलला फोन लावला, आणि कानाला कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा केला, तो नूतनलाही ऐकू जात होता.

"पोचलीस का, आई?"

"पोचले. नवल, मी ठरल्याप्रमाणे पंधरा दिवसांत परत येत नाही. बाळ मान धरेपर्यंत मला इथं राहायचंय. पोरांचं तुम्ही दोघं बघा. मी मागतेय तुझ्याकडे."

मग नवल म्हणाला, "राहा ना."

"राहू?"

"अगं राहा. आम्ही करू काहीतरी. मागतेस काय, विचित्रच बोलतेस."

"आणि जुलैत म्हटलं असतं, की मला नूतनकडे सोड, तर?"

"तर सोडलं असतं की! दुसऱ्याच दिवशी सोडलं असतं. त्यात काय एवढं?" नवल हसला. चांगल्या मनानंच हसला, पोरगं वाईट नाही ते. "तू बोललीच नाहीस, आई. मला वाटलं, तुला इथंच बरं वाटतंय."

कोकिळाबाईनं फोन खाली ठेवला. त्यात काय एवढं. एवढंसंच होतं. दवाखान्याच्या खाटेवर दाराकडे बघत पडलेल्या तिच्या पोरीमध्ये आणि तिच्यामध्ये एवढंसंच होतं, आणि ते तिनं चार महिने जिवापाड सांभाळलं होतं, त्याच पोरीसाठी.

नूतननं सगळं ऐकलं होतं. कोकिळाबाईला तिच्याकडे बघवेना. तरी तिनं बघितलं, सुजलेल्या पायांशी पलंगावर बसली, आणि तिनं नवऱ्याकडे, सासूकडे, पोरांकडे जे कधीच मागितलं नव्हतं, ते मागितलं.

"माले माफ कर, माय."

नूतननं पाय आखडून घेतले नाहीत. कोकिळाबाई तिचे पाय मांडीवर घेऊन वाट बघत बसली.